मनाईचा नियम कुठे आहे? : अणूवरच्या एका मराठी पुस्तकाची आर्थर रोड ते दिल्ली फेरी

आज एका प्रश्नापासून सुरुवात करतो. समजा, एक माणूस तुरुंगात आहे. त्याच्यावर गुन्हा सिद्ध झालेला नाही, खटलाही चाललेला नाही. सरकारने त्याला फक्त स्थानबद्ध केलंय. आत बसून त्याने अणूविषयी एक पुस्तक लिहिलंय. मराठीत, आणि तेही सरकारच्या परवानगीने. आता त्याला हस्तलिखित बाहेर पाठवून छापून घ्यायचंय. स्थानबद्धतेच्या नियमांत 'पुस्तक बाहेर पाठवता येईल' असं कुठेही लिहिलेलं नाही. 'पाठवता येणार नाही' असंही कुठे लिहिलेलं नाही.

मग पाठवता येईल की नाही?

पुढे वाचण्याआधी स्वतःचं उत्तर ठरवून ठेवा. हा प्रश्न मी संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रांना विचारतो तेव्हा जवळजवळ निम्मे म्हणतात, 'नियमात नाही म्हणजे पाठवता येणार नाही.' उरलेले म्हणतात, 'नियमात मनाई नाही म्हणजे पाठवता येईल.' दोघांसमोर कागद तेच असतात, फरक असतो तो गृहीतकात. कैद्यांच्या पत्रांवर आणि पुस्तकांवर आपल्याकडे जी सेन्सॉरशिप होती आणि आहे, तिचा इतिहास बऱ्याच अंशी या एका गृहीतकाभोवती फिरतो. म्हणून आज हे प्रकरण सविस्तर बघू.

पुस्तकाचं नाव 'अणूच्या अंतरंगात'. लेखक प्रभाकर पांडुरंग संझगिरी, कामगार चळवळीतले कम्युनिस्ट कार्यकर्ते. २६ ऑक्टोबर १९६२ ला, चीनशी युद्ध सुरू असताना, देशात आणीबाणी जाहीर झाली. पाठोपाठ भारत संरक्षण कायदा आणि त्याखालचे नियम आले. या नियमांतल्या ३० व्या नियमाखाली महाराष्ट्र सरकारने संझगिरींना मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात स्थानबद्ध केलं. कारण नेहमीचंच होतं: देशाचं संरक्षण, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था.

सप्टेंबर १९६४ मध्ये त्यांनी राज्य सरकारकडे अर्ज केला, की हस्तलिखित छापण्यासाठी बाहेर पाठवू द्या. उत्तर आलं २७ मार्च १९६५ च्या पत्राने, म्हणजे सुमारे सहा महिन्यांनी. उत्तर होतं 'नाही'. मग त्यांनी तुरुंगाच्या अधीक्षकांकडे अर्ज केला. तिथेही नाही. शेवटी त्यांनी घटनेच्या २२६ व्या कलमाखाली मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली.

न्यायमूर्तींनी पुस्तकाची अनुक्रमणिका पाहिली आणि पुस्तक निव्वळ विज्ञानाचं आहे, त्याने देशाच्या संरक्षणाला किंवा सुव्यवस्थेला काही बाधा येत नाही, असं नमूद केलं. हस्तलिखित लेखकाच्या पत्नीकडे छपाईसाठी जाऊ द्या, असा आदेश झाला. खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण महाराष्ट्र सरकार या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं.

इथे एक मोह होतो, मलाही झाला होता. पुस्तकाच्या नावात 'अणू' आहे. अर्ज सप्टेंबर १९६४ चा आहे. १६ ऑक्टोबर १९६४ ला चीनने पहिला अणुबाँब फोडला. अर्ज सरकारी टेबलावर पडून असताना हे घडलं. लेखक कम्युनिस्ट. झालं, आपल्या डोक्यात कथा तयार! 'चीनच्या अणुस्फोटाने घाबरलेल्या सरकारने अणूवरचं पुस्तक अडवलं.' मथळा म्हणून एकदम झकास. मी मूळचा विज्ञान शाखेचा, त्यामुळे अणू दिसल्यावर माझं लक्ष आधी तिकडेच गेलं.

पण निकाल नीट वाचा. सरकारने उच्च न्यायालयात जे प्रतिज्ञापत्र दिलं, त्यात हे पुस्तक धोकादायक आहे असा दावाच केलेला नाही. अणू नाही, चीन नाही, बाँब नाही. सरकारचं म्हणणं एवढंच होतं, की स्थानबद्ध माणसाला पुस्तक छापू देण्याची सक्ती कायद्याने आमच्यावर केलेली नाही. म्हणजे सरकार पुस्तकाशी भांडतच नव्हतं. ते भांडत होतं ते 'आम्ही नाही म्हणू शकतो' या अधिकारासाठी, आणि तो अधिकार कारण न देता वापरता यावा यासाठी.

संशोधनाची तयारी करत असाल तर हे वहीत लिहून ठेवा. दोन घटना शेजारीशेजारी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली, असं नाही. प्रयोगशाळेत आपण हे पाठच करतो, पण इतिहास वाचताना पटकन विसरतो. आणि सरकारने काय म्हटलं याइतकंच, सरकारने काय म्हटलं नाही हेही पुराव्यात धरायचं असतं. इथे तर न म्हटलेली गोष्टच मुख्य आहे.

आता थोडं मागे जाऊ, कारण 'आम्ही नाही म्हणू शकतो' ही सवय १९६५ मध्ये सुरू झालेली नाही.

भारतातल्या तुरुंगांचा मूळ कायदा १८९४ चा. त्यातलं ५९ वं कलम सरकारला नियम करण्याचा अधिकार देतं आणि ४२ वं कलम नियमाविरुद्ध तुरुंगात वस्तू नेणं, बाहेर काढणं किंवा कैद्याशी संपर्क करणं हा गुन्हा ठरवतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या रचनेत पत्र आणि पुस्तक यांचं स्थान काय? कैद्याला नियमाने जे मिळेल ते मिळेल. पत्र ही त्याला दिलेली सवलत. सवलत चांगल्या वागणुकीवर वाढते, वरच्याच्या मर्जीवर कमी होते. या पार्श्वभूमीवर दोन उदाहरणं पाहू. दोन्ही आपल्या ओळखीची आहेत, फक्त या नजरेने आपण ती फारशी बघत नाही.

पहिलं मंडालेचं. लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. 'गीतारहस्य'चा पहिला खर्डा त्यांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिला, हे शाळेपासून आपल्याला माहीत असतं. त्यांना लिहायला काय दिलं होतं, तिकडे मात्र आपलं लक्ष जात नाही. सुटे कागद नाहीत. पानं मोजून दिलेल्या बांधीव वह्या. शाई नाही, शिसपेन्सिल. का? सुटा कागद चोरून बाहेर जाऊ शकतो, पण मोजलेल्या वहीतलं पान फाडलं तर लगेच कळतं. म्हणजे लिहिण्याचं साहित्य हेच सेन्सॉरचं हत्यार. वाचायला येणारी पुस्तकंही आधी तपासली जायची. १९१४ मध्ये टिळक सुटले तेव्हा हस्तलिखित लगेच त्यांच्या हातात पडलं नाही. ते सरकारकडे राहिलं, नंतर परत मिळालं आणि १९१५ मध्ये ग्रंथ छापून आला. हस्तलिखित ताब्यात ठेवायला सरकारला कोणता नियम दाखवावा लागला? कोणताच नाही. ते परत करणं ही सरकारची मेहेरबानी मानली गेली.

दुसरं उदाहरण येरवड्याचं. १९३२ मध्ये गांधीजी तिथे राजबंदी होते. पुणे करारानंतर, नोव्हेंबर १९३२ मध्ये, सरकारने त्यांना अस्पृश्यतानिवारणाच्या कामासाठी भेटी, पत्रव्यवहार आणि लेखन यांची मोकळीक दिली. 'हरिजन' साप्ताहिकाचा पहिला अंक ११ फेब्रुवारी १९३३ ला पुण्यातून निघाला, गांधीजी तुरुंगात असतानाच. मे महिन्यात ते सुटले, ऑगस्टमध्ये पुन्हा पकडले गेले आणि या वेळी त्यांना एक वर्षाची शिक्षा झाली. तुरुंग तोच, माणूस तोच, कामही तेच. पण आता ते राजबंदी नव्हते, शिक्षा झालेले कैदी होते. म्हणून पूर्वीची मोकळीक तशीच द्यायला सरकारने नकार दिला. १६ ऑगस्टला त्यांनी उपोषण सुरू केलं, प्रकृती ढासळली आणि २३ ऑगस्टला सरकारने त्यांना सोडून दिलं.

नीट बघा, सरकारने त्यांना सोडून देणं पत्करलं, पण ती मोकळीक हक्क म्हणून मान्य केली नाही. सवलतीच्या व्यवस्थेत हे असंच असतं. तुमचं लिखाण घातक आहे का, हा प्रश्न दुय्यम. तुम्ही कोणत्या वर्गाचे कैदी आहात, हा पहिला. मागे जगभर नाव असलेला माणूस असेल तर सवलत वाढते. नसेल तर? १९२९ मध्ये लाहोर कटाच्या खटल्यातल्या कैद्यांनी उपोषण केलं, तेव्हा त्यांच्या मागण्यांमध्ये बऱ्या अन्नाबरोबर पुस्तकं आणि वर्तमानपत्रंही होती. त्या उपोषणात ६३ व्या दिवशी, १३ सप्टेंबर १९२९ ला, जतींद्रनाथ दास गेले. वर्तमानपत्र मिळावं ही मागणी माणसाने जीव पणाला लावण्याइतकी मोठी असू शकते, हे आपल्याला हातात मोबाइल धरून कळणं जरा अवघड आहे.

आता हे सगळं डोक्यात ठेवून परत संझगिरींकडे या. १९६५ पर्यंत देश स्वतंत्र होऊन १८ वर्षं झाली होती. राज्यघटना होती, पण तुरुंगाचा कायदा १८९४ चाच होता. सर्वोच्च न्यायालयात सरकारी वकिलांनी जो युक्तिवाद केला त्याला मी 'मंडालेचा युक्तिवाद' म्हणतो. तो असा: स्थानबद्ध माणूस मोकळा नागरिक राहत नाही. स्थानबद्धतेच्या अटींचा जो आदेश आहे, त्यात जेवढ्या सवलती दिल्यात तेवढ्याच त्याला मिळतात. त्या आदेशात पुस्तक लिहून बाहेर पाठवण्याची सवलत नाही, म्हणून संझगिरींना तो अधिकार नाही. आधाराला ए. के. गोपालन यांच्या १९५० च्या गाजलेल्या निकालातली काही निरीक्षणं होती.

आदेशाचं नाव 'मुंबई स्थानबद्धता अटी आदेश, १९५१'. त्यात पुस्तक छापण्याबद्दल शब्द नाही. म्हणजे सुरुवातीला मी विचारलेला प्रश्न काल्पनिक नव्हता, तो अक्षरशः न्यायालयापुढे होता.

एक अडचण आणखी होती. आपल्याला वाटेल, यात काय मोठं, अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं १९ वं कलम आहे की! पण आणीबाणी होती. घटनेच्या ३५८ व्या कलमानुसार आणीबाणीत १९ वं कलम गोठतं. शिवाय ३ नोव्हेंबर १९६२ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने २१ आणि २२ ही कलमं मागण्यासाठी न्यायालयात जायचा मार्गही बंद केला होता. पण त्या आदेशाला एक शेपूट होतं: हा मार्ग बंद होणार तो ज्याचा हक्क भारत संरक्षण कायद्याखाली किंवा त्याखालच्या नियम-आदेशांनुसार काढून घेतलाय त्याच्यासाठी. सगळा खटला या शेपटावर उभा राहिला. सरकारने पुस्तक अडवलं ते या कायद्याखाली अडवलं का? की कायद्यात नसताना अडवलं? कायद्यात नसताना अडवलं असेल तर न्यायालयाचं दार उघडं.

६ सप्टेंबर १९६५ ला न्यायमूर्ती के. सुब्बाराव, जे. सी. शाह आणि आर. एस. बच्छावत यांच्या पीठाने निकाल दिला. तो सुब्बाराव यांनी लिहिला होता. न्यायालयाने सरकारचा युक्तिवाद उलटा केला. अटींचा आदेश सवलतींची यादी नाही, तो बंधनांची यादी आहे, असं न्यायालयाने म्हटलं. यादीत जे बंधन नाही ते घालता येत नाही. सरकारचा तर्क खरा मानला, तर जेवण द्यावं असं आदेशात लिहिलं नसेल तेव्हा स्थानबद्धाला उपाशी मारायलाही हरकत नाही, असं होईल, हे न्यायालयाने दाखवून दिलं. पुस्तक अडवणं नियमात बसत नाही, म्हणजे ते कायद्याबाहेरचं बंधन. सरकारचं अपील फेटाळलं गेलं.

तारीख पुन्हा एकदा बघा. ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी भारतीय सैन्याने लाहोरच्या दिशेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली. ऐन युद्धाच्या दिवशी न्यायालयाने स्थानबद्धाच्या बाजूने निकाल दिला. पण सावध! अणुबाँबबद्दल जो नियम आपण स्वतःला घातला, तोच इथेही लागू. खटला आधीपासून चालू होता, तारखा जुळल्या इतकंच. त्यावरून न्यायमूर्तींच्या धैर्याची गोष्ट रचू नका. धैर्य बघायचंच असेल तर ते तर्कात बघा.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मी हे नल हायपोथिसिसच्या भाषेत सांगतो. प्रयोग करताना आपण आधी ठरवतो, की पुरावा मिळेपर्यंत काय खरं धरायचं. मंडालेच्या व्यवस्थेत धरून चालायचं होतं 'मनाई आहे', आणि परवानगी आहे हे कैद्याने दाखवायचं. १९६५ च्या निकालात धरून चालायचं ठरलं 'मुभा आहे', आणि मनाईचा नियम सरकारने दाखवायचा. पुस्तक तेच, तुरुंग तोच, नियमांचा कागदही तोच. सिद्ध करण्याचं ओझं फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेलं. पण नियम गप्प असेल तेव्हा कोण जिंकणार, ते या ओझ्यावरच ठरतं, आणि तुरुंगात नियम फार वेळा गप्प असतात.

इथे थांबलो तर गोष्ट सुखान्त होईल. पण ती तशी नाही.

निकाल त्या शेपटावर उभा होता, असं म्हटलं ना? २७ जून १९७५ ला, दुसऱ्या आणीबाणीत, राष्ट्रपतींचा नवा आदेश निघाला. त्यात १४, २१ आणि २२ या कलमांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद केला, आणि या वेळी शेपूट नव्हतं. 'अमुक कायद्याखाली हक्क काढून घेतला असेल तर' ही अटच गाळली. २८ एप्रिल १९७६ ला ए.डी.एम. जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मताने स्थानबद्धांना दाद मागण्याचा मार्ग नाही असं ठरवलं. विरोधात एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. आधीचे निकाल बाजूला पडले ते मुख्यतः याच फरकामुळे: तेव्हाच्या आदेशात अट होती, आताच्यात नाही.

तुरुंगातल्या अटींबद्दलही हेच झालं. स्थानबद्धांना जाचक वाटणाऱ्या अटींविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला होता. भानुदास कृष्ण गावडे या प्रकरणात जानेवारी १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. म्हणजे १९६५ मध्ये खांदा बदललेलं ओझं बारा वर्षांच्या आत परत स्थानबद्धाच्या खांद्यावर. आणि त्यासाठी संझगिरींचा निकाल चुकीचा ठरवायची गरजही पडली नाही, एक अट गाळणं पुरलं. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने २० आणि २१ ही कलमं आणीबाणीतही अशी गोठवता येणार नाहीत, हे पक्कं केलं.

म्हणून 'हक्क मिळाला' असं वाक्य लिहिताना तुम्ही नेहमी पुढचा प्रश्न विचारा: तो हक्क कशावर उभा आहे? घटनेवर, कायद्यावर, की एखाद्या आदेशातल्या दोन ओळींवर? संझगिरींचा निकाल वाचून 'कैद्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा विजय' असं लिहिणारे बरेच भेटतील. पण १९ वं कलम तेव्हा गोठलेलं होतं. विजय होता तो 'नियम दाखवा' या मागणीचा. मोठाच विजय, पण वेगळा.

त्यानंतर काय काय झालं, ते थोडक्यात. डिसेंबर १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनील बात्रा यांच्या दुसऱ्या प्रकरणाचा निकाल दिला. त्याची सुरुवात एका पत्राने झाली होती. तिहारमधल्या बात्रांनी दुसऱ्या एका कैद्याच्या छळाबद्दल न्यायमूर्तींना पत्र लिहिलं आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. पत्र बाहेर पडणं म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. १९८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका बंद्याच्या याचिकेवर, एका तुरुंगातल्या बंद्याने दुसऱ्या तुरुंगातल्या बंद्याला पत्र लिहू नये, हा महाराष्ट्राच्या नियमांतला सरसकट मज्जाव रद्द केला. इथे लक्षात घ्या, या वेळी मनाईचा नियम होता. सरकारने तो दाखवलाही. पण आता पुढचा प्रश्न आला होता: नियम आहे हे ठीक, पण तो वाजवी आहे का?

१९९४ मध्ये 'ऑटो शंकर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याच्या आत्मचरित्राचा वाद सर्वोच्च न्यायालयात आला. ते 'नक्कीरन' या तमिळ नियतकालिकात छापलं जाणार होतं आणि त्यात काही बड्या अधिकाऱ्यांशी असलेल्या संबंधांचे उल्लेख होते. तुरुंग खात्याने ते थांबवण्याचा प्रयत्न केला. नियतकालिकाच्या म्हणण्यानुसार हस्तलिखित कैद्याच्या पत्नीच्या हातून बाहेर आलं होतं. पुन्हा हस्तलिखित, पुन्हा पत्नी. ७ ऑक्टोबर १९९४ ला न्यायालयाने म्हटलं, की आपली बदनामी होईल या भीतीने सरकारला किंवा अधिकाऱ्यांना प्रकाशन आधीच रोखता येणार नाही. छापल्यावर वाटलं तर दावा करा.

आणि अगदी अलीकडचं. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गौतम नवलखा यांच्या वकिलांनी सांगितलं, की तळोजा तुरुंगात त्यांना घरच्यांनी पाठवलेलं पी. जी. वुडहाउस यांचं पुस्तक सुरक्षेचं कारण देऊन नाकारलं गेलं. वुडहाउस म्हणजे इंग्रजीतले विनोदी लेखक. न्यायमूर्तींनाही तो नकार हास्यास्पद वाटला, आणि तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. नवलखांवरच्या खटल्याबद्दल तुमचं मत काहीही असो, आपल्या विषयासाठी मुद्दा एवढाच: निकाल येऊन ५६ वर्षं झाली तरी तुरुंगाच्या दारावरच्या टेबलापाशी पहिलं उत्तर 'नाही' हेच असू शकतं. निकाल दिल्लीत लागतो, पण पुस्तक अडतं ते त्या टेबलावर. संझगिरींना त्या टेबलापासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत जायला एक वर्ष लागलं. किती जण वर्षभर भांडतील?

आता तुमच्या कामाचं सांगतो. तुरुंगातली पत्रं, डायऱ्या, तुरुंगात लिहिलेली पुस्तकं यांवर कोणाला काम करायचं असेल तर तीन गोष्टी आधीच ठरवून घ्या.

एक, मजकुराच्या आधी नियम वाचा. त्या वर्षी, त्या प्रांतात, त्या वर्गाच्या कैद्याला किती पत्रं लिहायची मुभा होती, कागद कोणता मिळायचा, कोण तपासायचं, हे कळल्याशिवाय पत्राचा अर्थ लागत नाही. पत्र त्रोटक आहे म्हणून माणूस कोरडा होता, असं म्हणू नका. त्याला पानच एक मिळालं असेल.

दोन, तुरुंगातून निघालेल्या प्रत्येक पत्राला किमान दोन वाचक असतात: ज्याच्या नावाने ते लिहिलंय तो, आणि जो ते आधी उघडतो तो. लिहिणाऱ्याला हे माहीत असतं. 'प्रकृती उत्तम, काळजी नसावी' हे वाक्य कोणासाठी लिहिलंय, हे आधी स्वतःला विचारा. खोडलेली ओळ निदान दिसते तरी. सर्वांत मोठी सेन्सॉरशिप असते ती न लिहिलेल्या ओळींची, आणि तिची नोंद कुठल्याच फायलीत होत नाही.

तीन, नकारांचा माग काढा. परवानगीचे कागद थोडे असतात, कारण कोणी हरकत घेत नाही. नकाराला मात्र अर्ज असतो, उत्तर असतं, तारीख असते, कधी याचिका असते. संझगिरींना पहिल्याच अर्जावर 'हो' मिळालं असतं, तर आज आपल्याला या हस्तलिखिताच्या प्रवासाबद्दल काहीच कळलं नसतं. सरकारने ते अडवलं म्हणून त्याची तारीखवार नोंद राहिली.

आणि या तिन्हींच्या मागे तोच एक प्रश्न ठेवा, ज्याने आपण सुरुवात केली. कोणतीही सेन्सॉरशिप अभ्यासताना 'काय अडवलं' हे विचारायच्या आधी विचारा: गप्प नियमाचा फायदा इथे कोणाला मिळत होता? 'तुला परवानगी आहे हे दाखव' असं म्हटलं जात होतं, की 'मनाई आहे हे दाखवा' असं? कैद्याचा अर्ज, सरकारचं प्रतिज्ञापत्र, न्यायालयाचा निकाल, काहीही हातात आलं तरी हा प्रश्न लावून बघा. तुम्ही सुरुवातीला ठरवलेलं उत्तर आठवतंय ना? ते 'नाही पाठवता येणार' असं असेल तर वाईट वाटून घेऊ नका. महाराष्ट्र सरकारचंही तेच होतं. फक्त आपण ते का धरून चाललो, हे एकदा स्वतःला विचारा, आणि मग वाचनाला लागा.